'लग्नानंतर नोकरी करणार का?'

(शिक्षिका होऊ पाहणाऱ्या मुलींसाठी रत्नागिरीत घेतलेल्या एका शिबिरातलं हे भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मला विषय दिलाय 'मुलाखतीची तयारी'. मी संयोजकांना विचारलं, म्हणजे नक्की काय सांगू? तर त्या म्हणाल्या, कपडे कसे असावेत, कसं बसावं, काय बोलावं, तुम्हाला अनुभव आहे ना! अनुभव आहे. टेबलाच्या या बाजूचा एकदा आणि त्या बाजूचा बऱ्याचदा. पण साडीच्या रंगावर ऐकायला तुम्ही मंडणगडहून, राजापूरहून पहाटेची एस.टी. धरून आला नाहीत एवढं मला कळतं. तेव्हा ते आधीच सांगून टाकते. जे घालून तुम्हाला फळ्यापर्यंत नीट चालता येतं, हात वर करून लिहिता येतं आणि खाली पडलेला खडू उचलता येतो, ते घाला. साडी असो नाहीतर ड्रेस. झालं.

दुसरा एक खुलासा करायला हवा, कारण तुमच्यातल्या दोघीतिघींनी मघाशी चहाच्या वेळी विचारलं. डी.एड.ला, म्हणजे आता ज्याला डी.एल.एड. म्हणतात त्याला, प्रवेश घेताना आज मुलाखत नसते. बारावीच्या गुणांवर यादी लागते. बी.एड.ला सीईटी असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचं तर टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल, आणि गुणांप्रमाणे नेमणूक. तिथेही मुलाखत नाही. मग मुलाखत उरली कुठे? खासगी संस्थांच्या शाळांत, इंग्रजी माध्यमाच्या शाळांत, बालवाड्यांत. म्हणजे जिथे नोकरी देणारा माणूस समोर बसलेला असतो आणि त्याला तुमच्या चेहऱ्याकडे बघून काहीतरी ठरवायचं असतं, तिथे. आमच्या वेळी ती प्रशिक्षणाच्या दारातच असायची.

मी मुलाखतीला आले १९८० साली. सिंधुदुर्ग अजून वेगळा झाला नव्हता, तो १९८१ च्या मे महिन्यात झाला. त्यामुळे रत्नागिरी जिल्हा पार गोव्याच्या हद्दीला भिडलेला होता आणि त्या दिवशी बाकावर सावंतवाडीकडच्याही मुली होत्या. आदल्या दिवशी निघालेल्या. मी राजापूर तालुक्यातल्या एका वाडीतली. वडील मुंबईला गिरणीत. महिन्याची मनीऑर्डर आली की आई पोस्टमनकडून त्यावरचा मजकूर वाचून घ्यायची, मी वाचायला लागल्यावर मग मी वाचायची. मला वाटतं, मास्तरीण व्हायचं ते तिथेच ठरलं असावं. आईला माझ्या तोंडून ते ऐकताना जे वाटायचं ते मला दिसत होतं. आईचा विरोध नव्हता. चुलत्यांचा होता, पण तेच मला घेऊन आले. विरोध करायचा आणि तरी सोबत यायचं, असे पुरुष आपल्याकडे पुष्कळ. त्यांचं काय करायचं हे आपल्या चळवळीला अजून नीटसं सुचलेलं नाही.

आत तीन पुरुष आणि एक बाई. नाव, गाव, कविता म्हणून दाखव, पाढे, असं झालं. कवितेत 'पाणी' शब्द होता. माझ्या तोंडून 'पानी' आलं. आमच्या वाडीत सगळे तसंच म्हणतात. मधल्या गृहस्थांना हसू आलं, शेजारच्यांनाही आलं. मग त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "लग्न ठरलंय का?" मी म्हटलं, नाही. "ठरेल ना. मग सरकारची एक जागा फुकट. त्या जागेवर एखादा मुलगा शिकला असता, घर चालवलं असतं त्यानं." यात प्रश्न कुठला होता? तरी तिघेही माझ्याकडे उत्तरासाठी बघत होते. मी अठरा वर्षांची. मी म्हटलं, "मी लग्नच करणार नाही."

त्यांचं समाधान झालं. मला प्रवेश मिळाला. चौथ्या खुर्चीवरच्या बाईंनी तेवढ्या वेळात एकदाही मान वर केली नाही. त्या काहीतरी लिहीत होत्या. मला त्या तिघांपेक्षा त्यांचाच राग आला होता, तो कितीतरी वर्षं होता.

पुढे १९८४ मध्ये माझं लग्न झालं. नोकरी लागली होती, ती चालूच राहिली. पण मैत्रिणींनो, तुम्हाला हसू येईल, लग्नाच्या मांडवात माझ्या मनात काय होतं, तर आता त्या तिघांपैकी कुणी पाहिलं तर! मी खोटं बोलून जागा घेतली असं मला मनापासून वाटत होतं. पहिल्या बाळंतपणाच्या रजेचा अर्ज लिहिताना हात कापला माझा. हे मी कुणाशी बोलले नाही. बोलण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही.

माझं मन मोकळं झालं ते एका खटल्याची माहिती वाचून, तीही उशिरा. सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल आहे. आयुर्विमा महामंडळात एक तरुणी नोकरीला लागली. नोकरीआधी तिच्याकडून एक प्रतिज्ञापत्र भरून घेतलं होतं. त्यात पाळी नियमित येते का, शेवटची पाळी कधी आली, दिवस गेलेत का, गर्भपात झालाय का, असले रकाने होते. नंतर ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिला काढून टाकलं. कारण काय, तर तिने पाळीची तारीख खोटी लिहिली. न्यायालयाने तिला परत कामावर घ्यायला लावलं, आणि खरा दोष त्या रकान्यांत आहे, ते काढून टाका, असं सांगितलं. एखादी बाई ज्या प्रश्नांची उत्तरं लाजेपोटी देऊ शकणार नाही असे प्रश्न विचारायचे आणि मग तिला खोटारडी ठरवायचं, हे चालणार नाही. ते वाचलं त्या रात्री मी नवऱ्याला उठवून सांगितलं, "मी खोटं बोलले नव्हते." त्याला काही कळलं नाही, तो म्हणाला, "झोप आता."

हे अंगावरून, वयावरून, बाईपणावरून माणूस तोलणं काही नवं नाही. आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट आहे. दापोली तालुक्यातल्या मुरुडचा एक मुलगा १८७५ साली पब्लिक सर्व्हिसची परीक्षा द्यायला निघाला. त्या काळी ती परीक्षा उतरली की मराठी शाळेत मास्तरकी मिळण्याची वाट खुली व्हायची. केंद्र साताऱ्याला. पावसाचे दिवस, वाहन नाही, ११० मैलांच्या आसपास अंतर, सह्याद्री ओलांडायचा. सोबत्यांबरोबर तो चालत गेला. तिथल्या समितीच्या प्रमुखाने त्याला बघितलं आणि हा सतरा वर्षांचा दिसतच नाही म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. मुलगा बारका होता, इतकाच त्याचा दोष. तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. त्यांनी 'आत्मवृत्ता'त ही हकीकत लिहिली आहे. पुढे त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, आणि लगोलग प्राथमिक शिक्षिकांसाठी प्रशिक्षणाची शाळाही काढली. मला नेहमी वाटतं, परत येतानाचे ते ११० मैल त्यांना चांगले लक्षात राहिले असणार.

पण कर्व्यांचं मोठेपण सांगताना आपण देवरुखच्या दोघी बहिणींना विसरतो. आनंदीबाई कर्वे आणि पार्वतीबाई आठवले. दोघी बालपणीच्या नाहीतर ऐन तरुणपणातल्या विधवा. आनंदीबाई, तेव्हाच्या गोदूबाई, १८८९ मध्ये मुंबईला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला गेल्या. १८९३ मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह केला म्हणून मुरुडने दोघांना वाळीत टाकलं. पार्वतीबाई तर तिशीच्या आसपास अक्षरं गिरवायला बसल्या आणि पुढे आश्रमासाठी पैसे गोळा करायला १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या. आणि याच रमाबाईंनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे साक्ष देताना काय मागितलं होतं? स्त्री-शिक्षिकांना नीट प्रशिक्षण द्या आणि मुलींच्या शाळा तपासायला बायका नेमा. सावित्रीबाईंनी तर १८४८ मध्ये पुण्यात शाळेत उभं राहण्याच्या त्या काळात नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकवण्याचं शिक्षण घेतलेलं आहे. चित्रांत आपण त्यांच्या अंगावर शेण पडताना बघतो. त्या पाठ काढायला शिकत होत्या, फळ्यावर लिहायचा सराव करत होत्या, हे चित्र कुणी काढत नाही. तुम्ही पाठ टाचण लिहिता ना रात्री जागून, तेव्हा त्यांची आठवण काढा.

आता जे सांगायला मी खरं तर आज आले ते सांगते. हे मी जाहीरपणे आधी कुठे बोललेले नाही.

साल १९९६. मी एका खासगी शाळेची मुख्याध्यापिका होते. शाळेचं नाव सांगत नाही. एक जागा निघाली. मुलाखती ठेवल्या. टेबलामागे संस्थेचे दोघे पदाधिकारी, एक पाहुणे आणि मी. चौथी खुर्ची. उमेदवारांत संगमेश्वरकडची एक मुलगी होती, डी.एड. पहिल्या वर्गात उत्तीर्ण. बाहेर व्हरांड्यात तिची आई सात-आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन बसली होती. मूल मधूनच रडायचं आणि आत या मुलीची मान दाराकडे वळायची. आम्ही तिला दहा मिनिटांचा पाठ घ्यायला लावला, तिसरीच्या वर्गावर. तिने विषय घेतला भरती-ओहोटी. फळ्यावर चंद्र काढला आणि मुलांना विचारलं, भांगाची भरती आणि उधाण, यात कुणाच्या घरी काय करतात? वर्गात खाडीकाठची, मच्छीमारांची मुलं होती. जी मुलं वर्षभर तोंड उघडत नव्हती ती उभी राहून सांगायला लागली. अष्टमीला पाणी कमी चढतं, अवस-पुनवेला बांध फुटायची भीती असते, आजा होडी कुठे ओढून ठेवतो. मी इतकी वर्षं पाठ बघितले, पण त्या तोडीचा दुसरा आठवत नाही.

परत आत आल्यावर पहिला प्रश्न, "मुलाला कोण सांभाळणार?" ती म्हणाली, "आई सांभाळते." "आई आजारी पडली तर?" ती गप्प. "आणि दुसरं मूल?" ती म्हणाली, "सर, मी पाठ कसा घेतला त्याबद्दल काही विचारायचं आहे का?" आवाज चढवला नव्हता. पण खोलीत एकदम शांतता झाली. तिच्यानंतर जो तरुण आला त्याला दोन मुलं होती, अर्जात लिहिलेलं होतं. त्याला कुणी विचारलं नाही की मुलांना कोण सांभाळतं. त्याचा पाठ बेताचा होता. नेमणूक त्याला मिळाली.

मी काय केलं? मी कागदावर लिहीत होते. मान वर केली नाही. गुणपत्रकावर माझी सही आहे. पाठाला मी तिला सगळ्यात जास्त गुण दिले होते, ही माझी तेव्हाची समजूत, की आपण आपलं काम केलं. पण 'व्यक्तिमत्त्व' नावाच्या रकान्यात बाकीच्यांनी तिचे गुण कापले आणि बेरीज वाचून दाखवल्यावर मी हरकत घेतली नाही. माझी बदलीची भीती नव्हती, नोकरी कायम होती, म्हणजे धोका फार नव्हता. तरी नाही बोलले. त्या दिवशी मला १९८० च्या त्या बाई समजल्या. समजल्या म्हणजे त्यांना माफ केलं असं नाही.

ती मुलगी पुन्हा भेटली नाही. कुठे लागली की नाही, ठाऊक नाही.

पुढच्या वेळी मी एक केलं. मुलाखतीच्या आधी समितीला सांगितलं की प्रश्न आधी लिहून काढू आणि सगळ्यांना तेच विचारू. पाठाचे गुण पाठ संपल्या संपल्या लिहू, नंतर बदलायचे नाहीत. घर, लग्न, मुलं यांवर प्रश्न नकोत, आणि विचारायचे असतील तर बाप्यांनाही विचारू. एवढंच. यात क्रांती काय आहे? पण तो दिवस फार अवघड गेला. त्याच्या पुढच्या वर्षी मला समितीवर बोलावलंच नाही.

तर तुमच्याकडे वळते. हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणार. 'आता जमाना बदलला' म्हणणाऱ्यांवर विसंबू नका. भाषा बदलली आहे. आता म्हणतात, "मॅडम, आमच्याकडे कमिटमेंट लागते." मग काय म्हणायचं?

कायदा तुमच्या बाजूने आहे, हे आधी डोक्यात पक्कं करा. घटनेचं सोळावं कलम सरकारी नोकरीत लिंगावरून भेद करायला मनाई करतं. १९७६ च्या समान वेतन कायद्यात भरतीतही भेद नको असं होतं, तो कायदा आता वेतन संहितेत सामावला आहे आणि ते तत्त्व तिथेही आहे. परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या बाई सी. बी. मुथम्मा, त्यांनाही लग्न केलं तर नोकरी सोडेन असं लिहून द्यावं लागलं होतं. त्या १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या तेव्हा न्या. कृष्ण अय्यर यांनी असल्या नियमांचा चांगलाच समाचार घेतला. १९८१ मध्ये हवाईसुंदरींच्या खटल्यात पहिल्या बाळंतपणाला नोकरी जाण्याची अटही रद्द झाली. हे सगळं खरं. पण मुलाखतीच्या खोलीत तुमच्या शेजारी न्यायमूर्ती बसलेले नसतात. बापाने कलमं गहाण टाकून शिकवलेलं असतं आणि समोरचा माणूस उत्तराची वाट बघत असतो.

म्हणून मी तुम्हाला 'बाणेदार उत्तर द्या' असं सांगणार नाही. बाहेर उभं राहून बाणेदारपणा शिकवणं सोपं असतं. जिला नोकरीची निकड आहे तिने "घरची व्यवस्था झालेली आहे, कामावर परिणाम होणार नाही" इतकं एक वाक्य बोलावं आणि थांबावं. सासूची तब्येत, नवऱ्याची बदली, पाळणा कधी हलणार, हे काही सांगायचं नाही. तुम्ही सांगू लागलात की ते विचारत जातात. एखादीला जमत असेल तर तिने शांतपणे विचारावं, "हा प्रश्न सगळ्या उमेदवारांना आहे का?" हसून विचारलं तरी चालेल. मात्र त्याची किंमत पडू शकते हे माहीत असू द्या. आणि अठराव्या वर्षी मी जे बोलले तसं तुमच्या तोंडून निघून गेलं, तर घरी जाऊन स्वतःला खात बसू नका. बाहेर आल्यावर मात्र एक काम सगळ्यांनी करा. एस.टी.त बसल्या बसल्या वहीत तारीख, वेळ, कोण काय म्हणालं ते लिहून ठेवा. माझ्याकडे १९८० चं किंवा १९९६ चं काही लिहिलेलं नाही. असतं तर आज नुसती आठवण सांगावी लागली नसती.

मुलाखत शाळेतच आणि शाळेच्या वेळात व्हायला हवी. कुणी संध्याकाळी घरी, हॉटेलवर, लॉजवर 'जरा बोलायला' बोलावलं तर जाऊ नका, किंवा एकटीने जाऊ नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नोकरीत नसलेल्या बाईलाही तक्रार करू देतो, म्हणजे उमेदवारालाही. जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. आणि देणगी. हा शब्द मुलाखतीत येत नाही, तो नंतर कुणीतरी नातेवाईक घेऊन येतो. त्याची पावती नसते, आणि नोकरी टिकली नाही तर परत मागायला तोंडही नसतं. माझ्या ओळखीत ज्यांनी दिली त्यांच्यातल्या दोघी आज शिकवण्या घेऊन ते कर्ज फेडताहेत. दिलीत तरी मी तुम्हाला वाईट म्हणणार नाही. पण देण्याआधी घरातल्या पुरुषांनी परस्पर ठरवलंय की तुम्हाला विचारलंय, तेवढं बघा.

कागदांचं. आपल्या बायकांचं निम्मं आयुष्य नावात जातं. दाखला माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, जातीचा दाखला वडिलांकडून आलेला, आणि टीईटीच्या अर्जात तिसरंच काहीतरी. नाव बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून त्याची प्रत फाइलला लावा. नसेल बदललं तर बदलूच नका, हा माझा फुकटचा सल्ला. मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, त्यांच्याकडे ठेवायची नाहीत. "राहू द्या आमच्याकडे" म्हटलं तर नम्रपणे परत घ्या. नेमणूक झाली तर लेखी आदेश हवा. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे, त्याखाली नीट नेमणूक झाली की तिला आधार असतो. तोंडी 'उद्यापासून या' याला नसतो.

आणि अभ्यास. मुलाखतीत एक प्रश्न हमखास असतो, "मूल शाळेत येत नसेल तर काय कराल?" दहातल्या नऊ मुली 'पालकभेट घेईन' म्हणतात. पुस्तकात तसंच आहे. अगं, पण तुम्ही आंतरवासितेला गेला होतात ना शाळेत? तिथे कोण येत नव्हतं ते सांगा की. आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातली मुलगी, हंगाम संपला की जाणार. तिचं नाव कुठल्या वर्गात घालायचं? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात वयाप्रमाणे वर्गात बसवायचं कलम आहे, चौथं. ते ठाऊक असू द्या, पण नुसतं कलम म्हणून दाखवू नका. तिला मराठी येत नसताना पहिल्या आठवड्यात तुम्ही काय कराल ते सांगा. कातकऱ्यांची मुलं आईबापांबरोबर कोळशाच्या भट्टीवर जातात, त्यांचं सांगा. हे तुम्ही बघितलंय. समोरच्याने बघितलं असेलच असं नाही.

आणि 'पानी' म्हणालात म्हणून कुणी हसलं तर? प्रमाण उच्चाराचा सराव करा, करायलाच हवा, फळ्यापुढे दोन्ही यायला हवं. पण पहिलीतलं पोर 'पानी'च म्हणत येतं. त्याला हसणाऱ्या बाईंकडे ते दुसऱ्या दिवशी तोंड उघडत नाही. तुम्हाला त्याची भाषा येते, ही तुमची पात्रता आहे. तसं सांगा त्यांना.

कुणीतरी मघाशी म्हणालं, बाई, पण नोकऱ्या आहेत कुठे? बरोबर आहे. २००० साली शिक्षणसेवक योजना आली, तीन वर्षं महिना ३००० रुपये मानधनावर. त्या दशकात आपल्या राज्यात डी.एड.ची कॉलेजं भराभर निघाली, मुलींच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे लोकांनी तिथे भरले. २०१० नंतर भरती थंडावली, २०१३ मध्ये टीईटी आली, आणि पदविका घेतलेल्या कितीतरी मुली घरी बसल्या. कुणी दुकानात लागली, कुणी काजूच्या कारखान्यात. मानधन २०२३ मध्ये वाढून १६००० झालं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला बी.एड. चालणार नाही असं सांगितल्यामुळे डी.एल.एड.ला पुन्हा किंमत आली. २०२५ च्या सप्टेंबरमधल्या निकालाने तर नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटीचा अभ्यास करायला बसवलंय, निवृत्तीला पाच वर्षांहून कमी राहिलेले तेवढे सुटले. नवीन धोरणात चार वर्षांचा एकत्रित बी.एड. आहे, म्हणजे खर्च वाढणार, आणि घरात दोन मुलं शिकत असतील तर चार वर्षं कुणाला मिळणार ते मी सांगायला नको. तेव्हा नोकरी नक्की लागेल असं वचन मी देत नाही. आपल्या जिल्ह्यात शाळा ओस आहेत, बाहेरून आलेले शिक्षक बदली घेऊन जातात, जागा रिकाम्या राहतात, आणि इथली शिकलेली मुलगी घरी. हा प्रश्न मुलाखतीच्या तयारीने सुटणारा नाही, त्याला जिल्हा परिषदेच्या दारातच जावं लागेल. त्यासाठी वेगळी बैठक ठेवली आहे असं कळलं. तिला या.

बरं, आता बोलणं पुरे. पलीकडच्या खोलीत टेबल मांडलंय. आम्ही चौघी तुमच्या सराव मुलाखती घेणार आहोत. पाच मिनिटं प्रश्न, दहा मिनिटांचा पाठ, फळा आणि खडू ठेवलाय. आम्ही वाईट प्रश्नही विचारणार, मुद्दाम, तेव्हा रागावू नका. इथे चुकायला हरकत नाही. पाठाचे गुण लगेच लिहून तुम्हाला दाखवू. ज्यांच्याबरोबर लहान मुलं आहेत त्यांनी मूल घेऊनच आत यायचं. मंडणगड, दापोली आणि राजापूरच्या मुलींना शेवटची गाडी गाठायची आहे, त्यांचे नंबर आधी. रत्नागिरी शहरातल्या थांबतील. चला, पहिली कोण?